आरसी म्हणते १९४७, प्लेट म्हणते १९४४: युद्धकाळातल्या गाड्यांची रेकॉर्ड वाचायची कशी

आमच्या आतेभावाने तीन वर्षांपूर्वी वसईच्या एका म्हाताऱ्या काकांकडून जीप घेतली आणि तेव्हापासून आमचे रविवार कामातून गेले. आरसी बुकात लिहिलंय "विलीज, १९४७". डॅशबोर्डवरच्या पत्र्याच्या प्लेटवर डिलिव्हरीची तारीख ५-८-४४. आणि चासीवर मिस्त्रीने घासून काढलेला नंबर सुरू होतो जीपीडब्ल्यूने, म्हणजे विलीजच्या डिझाइनवर फोर्डने बनवलेली जीप. एक गाडी, तीन कागद, तिन्ही वेगळं बोलतात. भाऊ म्हणाला फसवलं आपल्याला. मीही आधी तेच म्हटलं, पण मग जसजसं वाचत गेलो तसं लक्षात आलं की यातलं जवळजवळ सगळंच आपापल्या जागी बरोबर होतं, आम्हीच तिघांना एकच प्रश्न विचारत होतो.

तेव्हापासून ओळखीतले लोक फोटो पाठवतात, "बघ रे ही कुठल्या सालची". दरवेळी तेच तेच सांगायचं म्हणून इथे एकदाच सगळं लिहून ठेवतो. जीपवाल्यांना जास्त उपयोग होईल, पण दुसऱ्या महायुद्धातल्या कुठल्याही गाडीचे आकडे बघत असाल, अगदी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी सुद्धा, तरी पद्धत हीच.

आधी बघा की आकडा कुठल्या टेबलावरचा आहे

सरकारी गाडी आठ टेबलं फिरते. ऑर्डर निघते, कारखान्यात बनते, लष्कराचा इन्स्पेक्टर तपासून ताब्यात घेतो, बोटीवर चढते, दुसऱ्या बंदरात उतरते, युनिटला मिळते, युद्ध संपलं की डिस्पोजलला जाते आणि शेवटी कुणीतरी ती विकत घेऊन पासिंग करून आणतो. प्रत्येक टेबलावर वेगळं रजिस्टर, वेगळी तारीख, वेगळी बेरीज. पुस्तकात किंवा नेटवर नुसतं "उत्पादन" असं लिहिलेलं असतं आणि आकडा यातल्या कुठल्याही टेबलावरचा असू शकतो.

ऑर्डरचा आकडा सगळ्यात फसवा. ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने हात टेकल्यावर अमेरिकेने धडाधड कॉन्ट्रॅक्ट रद्द केली, त्यामुळे ऑर्डर बुकात असलेल्या कितीतरी गाड्या कधी बनल्याच नाहीत. ऑर्डरनुसार नंबरांचे गठ्ठे आधीच वाटून दिलेले असत, म्हणजे नंबर आहे पण गाडीच जन्माला आली नाही असंही होतं. त्यामुळे शेवटच्या नंबरातून पहिला नंबर वजा करून "एवढ्या बनल्या" असं कधी म्हणायचं नाही. मी स्वतः हे केलंय आणि एका जाणत्या माणसाकडून चारचौघांत ऐकूनही घेतलंय.

बोटीवर चढलेला माल उतरलाच असं तर आपण मुंबईकरांनी मुळीच धरू नये. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन बोटीचा स्फोट झाला, तिच्यात साधारण १,४०० टन दारूगोळा होता, आणि आजूबाजूच्या बोटी, गोदामं, धक्क्यावरचा माल सगळा उडाला. अशा बंदरात "पाठवल्या" आणि "मिळाल्या" हे दोन कॉलम जुळतील कसे? जुळले नाहीत म्हणून रेकॉर्ड खोटं ठरवायचं नाही, मध्ये काय झालं ते शोधायचं.

आता जीपचंच उदाहरण घ्या. "जीप किती बनल्या?" ठोकळ उत्तर साडेसहा लाखांच्या आत-बाहेर, त्यात विलीजच्या साधारण ३ लाख ६० हजार आणि फोर्डच्या साधारण २ लाख ७८ हजार. पण दोन पुस्तकांत दोन आकडे दिसतात, हजार-दोन हजारांचा नाहीतर थेट आठ-दहा हजारांचा फरक असतो. का? कारण जुलै १९४१ मध्ये विलीजला १६,००० गाड्यांची ऑर्डर मिळाली त्याच्या आधी बँटम, विलीज आणि फोर्ड तिघांनीही ट्रायलच्या काही हजार गाड्या बनवल्या होत्या, एकट्या बँटमच्या सुमारे २,६७५. त्या धरायच्या की नाही हे लिहिणाऱ्याने आपापलं ठरवलेलं असतं आणि बरेचदा ते सांगितलेलं नसतं. तक्त्याखालची बारीक अक्षरातली तळटीप आधी वाचा, वरचा आकडा मग.

साल म्हणजे कुठलं साल

इथे सगळ्यात जास्त माणसं घसरतात. कॅलेंडर साल जानेवारी ते डिसेंबर, ते सोपं आहे. पण त्या काळात अमेरिकन सरकारचं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून असायचं आणि नाव संपणाऱ्या सालाचं. म्हणजे सरकारी अहवालात "वर्ष १९४३" दिसलं तर तो हिशोब जुलै १९४२ पासूनचा असू शकतो. आपल्याकडे इंग्रजांचं आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. या दोन अहवालांतलं "१९४३" शेजारी शेजारी ठेवून कुणी बेरीज केली की झाला गोंधळ. तिसरा प्रकार मॉडेल वर्ष, नागरी गाड्यांसाठी. नवीन मॉडेल आदल्या वर्षीच बाजारात यायचं, म्हणून "१९४२ मॉडेल" म्हणून विकलेली गाडी १९४१ च्या शेवटी बनलेली असू शकते.

मी काय करतो, वार्षिक आकडा मिळाला की आधी महिन्यावारी तक्ता मिळतो का ते बघतो. मिळाला तर बारा महिने दोन-तीन वेगवेगळ्या पद्धतीने जोडून बघायचे, जी बेरीज जुळेल ते त्या अहवालाचं साल. दहा मिनिटांचं काम आहे पण पुढचे दोन महिने वाचतात.

आणि तारीख! अमेरिकन माणूस आधी महिना लिहितो. आमच्या जीपवरची ५-८-४४ आम्ही कितीतरी दिवस ५ ऑगस्ट म्हणून मिरवत होतो, ती आहे ८ मे. प्लेटवर मधला आकडा बाराच्या वर असेल तर लगेच कळतं, नसेल तर आपण आपल्या सवयीने वाचतो आणि तीन महिने पुढे जातो. शिवाय ती तारीख डिलिव्हरीची आहे, म्हणजे लष्कराने ताब्यात घेतल्याची, कारखान्यातून बाहेर पडल्याची नव्हे. बरेचदा दोन्हीत थोडेच दिवस असतात, पण वही लिहिताना शब्द तोच लिहायचा.

नावं आणि कोड

हे थोडक्यात उरकतो. जीपीडब्ल्यू मधला जी म्हणजे गव्हर्नमेंट, पी म्हणजे ८० इंची व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) गाडी, डब्ल्यू म्हणजे विलीजचं डिझाइन. "जनरल पर्पज" वगैरे नंतर चिकटवलेलं आहे. जीएमसीचा अडीच टनी ट्रक सीसीकेडब्ल्यू: पहिला सी म्हणजे १९४१ चं डिझाइन, दुसरा सी नेहमीची केबिन, के म्हणजे पुढच्या चाकांनाही ड्राइव्ह, डब्ल्यू म्हणजे मागच्या दोन्ही ॲक्सलना ड्राइव्ह. पाण्यात चालणारा डीयूकेडब्ल्यू त्याच पद्धतीने, डी म्हणजे १९४२. स्पेअर पार्टच्या कॅटलॉगमध्ये जी-५०३ म्हणजे जीप, जी-५०८ म्हणजे तो अडीच टनी. हे दोन नंबर पाठ असले तरी निम्मं काम होतं.

कॅनडाच्या गाड्या आपल्याकडे खूप आल्या, त्यांना सीएमपी (कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न) म्हणतात. एफ म्हणजे फोर्ड, सी म्हणजे शेवरोले, पुढचा आकडा माल वाहायच्या क्षमतेचा, हंड्रेडवेटमध्ये: १५, ३०, ६०. एक हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड, तर १५ म्हणजे साधारण ७६० किलो, आणि ६० म्हणजे तीन टनी. हा टन इंग्रजांचा, २,२४० पौंडांचा. अमेरिकन टन २,००० पौंडांचा. आणि "अडीच टनी" हे गाडीचं वजन नाही, माल वाहायची क्षमता आहे, तीही कच्च्या रस्त्यावरची. एका काकांनी मला अडीच टनी ट्रक कसा अडीच टन वजनाचा असणार यावर अर्धा तास समजावलं होतं, मी चहा पिऊन घेतला.

एकच गाडी दोन खात्यांत

अमेरिकन रजिस्टरमध्ये जीपचं अधिकृत नाव काय, तर "ट्रक, पाव टन". म्हणजे ती ट्रकच्या कॉलममध्ये. इंग्रजांकडे तीच गाडी "कार, ५ हंड्रेडवेट", नंबर एम ने सुरू होणारा, मोटारींच्या खात्यात. त्यांच्याकडे एल म्हणजे मोठी लॉरी, झेड म्हणजे छोटा ट्रक, सी म्हणजे मोटरसायकल. आता समजा कुणी "अमेरिकेने एवढे ट्रक आणि शिवाय एवढ्या जीप बनवल्या" असं लिहिलं असेल तर आधी विचारा की ट्रकमध्ये जीप आधीच धरल्यात का. बहुतेक वेळा धरलेल्या असतात आणि साडेसहा लाख दोनदा मोजले जातात. बोनेटवरचा अमेरिकन नंबर बघितला तरी कळतं, २० ने सुरू होणारा म्हणजे पाव टनी, ४ ने सुरू होणारा म्हणजे अडीच टनीच्या वर्गातला. फक्त बोनेट बदलतात आणि नंबर रंगवतातही, त्यामुळे रंगावर विसंबू नका, खाली जुन्या रंगाचे थर दिसतात का ते बारीक पॉलिश पेपरने, पाणी मारून, हळू बघा.

डबल मोजणीचं सगळ्यात मस्त उदाहरण आपल्याच देशातलं आहे. कॅनडाने युद्धात आठ लाखांच्या वर लष्करी गाड्या बनवल्या, त्यातल्या फोर्डच्या काही चासी भारतात आल्या आणि त्यांच्यावर इथे चिलखती बॉडी बसवली, पोलाद टाटांचं, काम टाटानगरला आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये. ही इंडियन पॅटर्न कॅरियर गाडी, सैनिक तिला टाटानगरच म्हणायचे, १९४० ते १९४४ मध्ये सुमारे ४,६५५ बनल्या. आता कॅनडाच्या वहीत ती चासी म्हणून मोजली गेली, भारताच्या वहीत चिलखती गाडी म्हणून. दोन्ही वह्या खऱ्या, बेरीज खोटी.

शिवडीला जनरल मोटर्सचा असेंब्ली कारखाना १९२८ पासून होता, फोर्डचीही मुंबईत असेंब्ली होती. खोक्यांतून सुटे भाग यायचे आणि इथे जोडणी व्हायची. तर "मुंबईत बनलेली गाडी" हा शब्द वाचला की बनली म्हणजे जोडली का घडवली, हे विचारायचं. मी तक्त्यात तीन वेगळे कॉलम ठेवतो: चासी कुठली, जोडणी कुठली, बॉडी कुठली. कंटाळवाणं वाटतं पण एकदा केलं की भांडणं थांबतात.

नागरी कॉलम शून्य नसतो

लोक समजतात युद्धात सामान्य माणसासाठी काही बनतच नव्हतं. तसं नाहीये. अमेरिकेत १ जानेवारी १९४२ पासून नवीन मोटारींची विक्री गोठवली, फोर्डची शेवटची नागरी मोटार १० फेब्रुवारी १९४२ ला लाइनवरून उतरली आणि त्याच महिन्यात सगळ्यांचंच उत्पादन थांबलं. पण तोवर बनलेल्या लाखो मोटारी सरकारने राखून ठेवल्या आणि मग परवान्यावर डॉक्टर, पोलीस, गरजेचं काम करणारे अशांना दिल्या. म्हणजे १९४३ मध्ये "नवीन" म्हणून विकलेली गाडी १९४२ मॉडेलची. तिचं विक्रीचं बिल हातात घेऊन "हे बघा युद्धात पण कारखाना चालू होता" असं म्हणणारा माणूस प्रामाणिक आहे, फक्त चुकतोय.

उलट बाजूही आहे. इंग्लंडमध्ये १९४२ पासून बेडफर्डने ओडब्ल्यूबी नावाची बस खास नागरी वापरासाठी बनवली, आत लाकडी पट्ट्यांच्या सीट, लक्झरीचं नाव नाही, कारण कामगारांना कारखान्यात पोहोचवायचं होतं, अशा ३,३९८ बनल्या. ही नागरी गाडी, पण बनली युद्धासाठीच. मग तिला कुठल्या खात्यात टाकणार? जर्मनीत याच्या उलटं झालं. तिथे लोकांकडून दर आठवड्याला पैसे घेऊन स्वस्त मोटार द्यायचं वचन होतं, तीन लाखांवर लोकांनी पैसे भरले, आणि त्याच कारखान्यातून लष्कराच्या कुबेलवागन (हलक्या, उघड्या मोटारी) निघाल्या पन्नास हजारांच्या घरात. ती स्वस्त मोटार युद्धात बनली फक्त ६००-सव्वासहाशे, आणि बचत करणाऱ्यांतल्या एकालाही मिळाली नाही. "नागरी मॉडेल" आणि "नागरिकाला मिळालं" हे दोन वेगळे कॉलम आहेत हे मला या आकड्यावरून डोक्यात बसलं.

आणखी एक, लष्कराने वापरलेली प्रत्येक गाडी लष्करासाठी बनलेली नसते. युद्ध लागल्यावर खासगी ट्रक, बस, मोटारी सरकारने ताब्यात घेतल्या. जुन्या फोटोत हिरवी रंगवलेली शेवरोले दिसली म्हणून ती लष्करी उत्पादनात शोधत बसू नका.

आता गाडीखाली शिरा

कागद झाले, आता लोखंड. टॉर्च, वायर ब्रश, रॉकेलचं फडकं, पेन्सिल आणि पातळ कागद घ्या. ग्रायंडर लावू नका, मिस्त्री लावू म्हणेल, हात धरा त्याचा. नंबर एकदा घासला गेला की गेला.

पुढच्या बंपरच्या मागचा क्रॉसमेंबर, म्हणजे चासीचा आडवा दांडा, बघा. गोल पाइप असेल तर चासी विलीजची, चौकोनी, उलट्या यू सारखा असेल तर फोर्डची. हे एवढं एक बघितलं तरी अर्ध्या लोकांचा गैरसमज दूर होतो, कारण आपल्याकडे आरसीवर सगळ्याच जीप "विलीज" लिहिल्यात. विलीजचा नंबर डाव्या चासीच्या आतल्या बाजूला बंपरजवळ छोट्या प्लेटवर असतो, रिव्हेट मारलेल्या, आणि ती प्लेट बरेचदा गायब असते. फोर्डचा नंबर डाव्या चासीच्या वरच्या अंगाला इंजिनाच्या माउंटिंगजवळ थेट पंच केलेला, त्यामुळे तो टिकतो. कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, आरटीओत चासी प्रिंट काढतात तशीच, डोळ्याला न दिसणारा आकडा कागदावर उमटतो.

फोर्डने चासीवर तोच नंबर मारला जो मूळ इंजिनाचा होता. दोन्ही जुळले तर नशीब समजा. विलीजमध्ये इंजिन नंबर आणि चासी नंबर मुळातच वेगळे असतात, तिथे जुळत नाहीत म्हणून घाबरायचं कारण नाही. गंमत पुढे आहे: फोर्डची इंजिनं एका जागी बनून अमेरिकेतल्या वेगवेगळ्या असेंब्ली प्लांटना जायची, लुइव्हिल, डॅलस, रिचमंड वगैरे. म्हणजे लागोपाठचे दोन नंबर दोन शहरांत, काही आठवड्यांच्या फरकाने जोडले गेले असतील. म्हणून नंबरावरून तारीख काढायचे जे तक्ते हौशी लोकांनी वाचलेल्या प्लेटांवरून बनवलेत, ते पट्टा म्हणून वापरा. "एप्रिल ते जून १९४४" असं म्हणा, "१७ मे" म्हणू नका.

फोर्डने नट-बोल्टवर, ब्रॅकेटवर छोटा एफ मारलाय. एक-दोन एफ मिळाले म्हणून उड्या मारू नका, लष्कराच्या वर्कशॉपमध्ये चार गाड्या उघडून तीन जोडायचे, आणि नंतर सत्तर वर्षं आपले मिस्त्री आहेतच. बॉडीचं तर १९४४ च्या सुरुवातीपासून दोन्ही कंपन्या एकसारखीच बॉडी वापरत होत्या, त्यामुळे त्या काळात बॉडीवरून कंपनी ठरवणं अवघड. डॅशबोर्डवरची प्लेट नवी छापूनही मिळते. प्लेट जुन्या रिव्हेटवर आहे की कालच्या स्क्रूवर, हे आधी बघायचं.

शेवटचा गोंधळ सिव्हिलियन जीपचा. विलीजने जुलै १९४५ पासून सीजे-२ए बनवायला घेतली. पुढच्या जाळीत नऊ फटी म्हणजे लष्करी, सात म्हणजे सीजे. मागे उघडणारा फाळका आणि बाजूला पेट्रोलचं तोंड असेल तर सीजे, लष्करीत टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. माझगावात महिंद्रांनी जोडलेल्या जीप या नंतरच्या नागरी वंशातल्या, त्यांना युद्धाच्या उत्पादनात शोधून सापडणार नाहीत. पण जाळी बदलता येते हो, म्हणून एका खुणेवर निकाल नाही. मी निदान तीन खुणा बघतो आणि त्या तिन्ही वेगवेगळ्या भागांवरच्या हव्यात.

वही कशी लिहायची

दोनशे पानी वही घ्या नाहीतर एक्सेल, पण प्रत्येक ओळीत चार गोष्टी: काय वाचलं जसंच्या तसं, कुठे वाचलं, ते कुठल्या टेबलावरचं आहे, आणि मला किती खात्री. "५-८-४४" तसंच लिहा, शेजारी आपला अर्थ "८ मे १९४४". मूळ खोडून अर्थ लिहिला की सहा महिन्यांनी आपल्यालाच आठवत नाही काय होतं ते.

मुंबईत बसून कागद शोधायचे तर काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेख आहे, टाउन हॉलला एशियाटिकमध्ये जुनी वर्तमानपत्रं, आणि राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल ऑनलाइन शोधता येतं. शोधताना "जीप" टाकून थांबू नका, "डिस्पोजल", "मोटर व्हेइकल", "सरप्लस" टाका, कारण कारकुनाने फाईलला जीप हे नाव दिलेलंच नसतं.

आणि हे सगळं करून आरसीवरचं साल बदलायला धावायचं का? एका ऑफिसात आम्ही तीन फेऱ्या मारल्या, प्रत्येक खिडकीवर वेगळा कागद मागितला. मग २०२१ चे व्हिंटेज गाड्यांचे नियम नीट वाचले. त्यात पन्नास वर्षं मोजतात ती पहिल्या रजिस्ट्रेशनपासून, कारखान्यापासून नाही. म्हणजे १९४७ हेच साल तिथे कामाचं. त्यांना बघायचं असतं ते चासी, बॉडी आणि इंजिनात मोठी फेरफार झालीय का.

तर आमच्या वहीत आता असं आहे: चासी फोर्ड, खात्री पूर्ण, क्रॉसमेंबर आणि पंच दोन्हीवरून. लष्कराने घेतली ८ मे १९४४, खात्री बरी, प्लेट जुन्या रिव्हेटवर आहे आणि नंबराच्या पट्ट्यात बसते. पहिलं नागरी रजिस्ट्रेशन १९४७, आरसीवरून. इंजिन मूळ नाही, नंबर जुळत नाही. १९४५ ते १९४७ मध्ये ती कुठे होती, ती ओळ कोरी आहे, तिथे भावाने पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलंय आणि त्याच्यावर ग्रीसचा अंगठा उमटलाय.